उंच खेळाडू आणि पाचजणांचा बचाव

(शारीरिक शिक्षण शिक्षकांच्या उजळणी वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बास्केटबॉलच्या सामन्याचे गुणपत्रक आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. कोणत्या खेळाडूने किती गुण मिळविले, किती फ्री थ्रो साधले, किती फाऊल केले, हे सारे त्यात नोंदलेले असते. परंतु प्रतिपक्षाचा एखादा खेळाडू चेंडू घेऊन बास्केटकडे निघाला, समोर उंच खेळाडू उभा पाहून थबकला आणि चेंडू मागे देऊन मोकळा झाला, तर त्या घटनेला या पत्रकात जागा नाही. दोन गुण वाचले, पण ते कोणाच्याही नावावर जमा झाले नाहीत. संघ निवडताना आपल्या हाती हेच पत्रक असते आणि जे पत्रकात नाही ते सहसा आपल्या विचारातही येत नाही. मग वर्गातील सर्वांत उंच विद्यार्थ्याला दोन-चार सामन्यांत गुण मिळाले नाहीत की त्याची रवानगी बाकावर होते. त्याने संघाला काय दिले, हे कोणी मोजलेलेच नसते.

ते मोजावे कसे, आणि उंच खेळाडूकडून बचावाचे काम करून घ्यावे कसे, या दोन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठी मी अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा आधार घेणार आहे. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ सुरू केला, तेव्हा बास्केट जमिनीपासून दहा फुटांवर बांधली होती. ती उंची आजतागायत बदललेली नाही. खेळाडू मात्र उंच होत गेले, आणि त्यांचे करावे काय हा प्रश्न तेथील महाविद्यालयांना ऐंशीहून अधिक वर्षे सतावीत आला आहे.

उंचीसाठी बदललेले नियम

१९४० नंतरच्या काळात डीपॉल विद्यापीठाचा जॉर्ज मायकन आणि ओक्लाहोमा ए अँड एम महाविद्यालयाचा सात फूट उंचीचा बॉब कर्लंड हे दोन खेळाडू गाजले. बास्केटजवळ उभे राहून खाली येणारा चेंडू हातानेच उडवून लावणे त्यांना सहज साधत असे. यावर उपाय म्हणून १९४४ साली नियम झाला की, बास्केटच्या दिशेने खाली उतरू लागलेल्या चेंडूला बचाव करणाऱ्याने स्पर्श करू नये. नियम आला म्हणून कर्लंड निष्प्रभ झाला नाही. त्याच्या संघाने १९४५ आणि १९४६ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.

पुढे १९५० च्या दशकाच्या मध्यास फ्री थ्रोच्या रेषेपुढील पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आला. १९६७ साली चेंडू वरून बास्केटमध्ये दडपण्यास, म्हणजे ‘डंक’ करण्यास, बंदी आली. ती १९७६-७७ च्या हंगामात उठली. उंच खेळाडूला आवर घालण्यासाठी नियम वारंवार बदलले गेले, हे यावरून दिसेल.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत बचाव करणाऱ्याने कोणाची राखण न करता बास्केटपुढील पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक काळ उभे राहू नये, असा नियम २००१-०२ पासून आहे. महाविद्यालयीन खेळात तो नाही. आपण ज्या आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतो, त्यांतही तो नाही. अर्थात, उंच खेळाडूने बास्केटपुढे ठाण मांडून राहण्याची मुभा आपल्यालाही आहे. म्हणूनच महाविद्यालयीन संघांचा अनुभव आपल्या उपयोगी पडण्यासारखा आहे.

बिल रसेल आणि त्याचा सोबती

बचाव करूनही सामने जिंकता येतात, ही गोष्ट सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या बिल रसेलने सर्वांच्या मनावर ठसविली. सुमारे पावणेसात फूट उंचीच्या या खेळाडूच्या संघाने १९५५ आणि १९५६ ही दोन्ही वर्षे विजेतेपद मिळविले, आणि त्या काळात सुरू झालेली त्या संघाची विजयमालिका ६० सामन्यांपर्यंत गेली. चेंडू अडविताना तो प्रेक्षकांत भिरकावून न देता आपल्या सहकाऱ्याच्या हाती पडेल असा ढकलणे, हे रसेलचे वैशिष्ट्य होते.

परंतु १९५५ च्या अंतिम सामन्यात खरी शिकण्याजोगी गोष्ट दुसरीच घडली. प्रतिपक्ष ला साल महाविद्यालयाचा होता आणि त्याचा आधारस्तंभ होता ६ फूट ६ इंच उंचीचा टॉम गोला. उंचाला उंच हा सर्वसाधारण संकेत. पण गोला बास्केटपासून दूरही उत्तम खेळे. त्याच्या मागे रसेलला धाडले असते, तर बास्केटपुढील जागा ओस पडली असती. प्रशिक्षक फिल वुलपर्ट यांनी गोलावर ६ फूट १ इंच उंचीच्या के. सी. जोन्सला नेमले आणि रसेलला बास्केटजवळच ठेवले. सॅन फ्रान्सिस्कोने सामना ७७-६३ असा जिंकला. जोन्सने गोलाची राखण करून शिवाय २४ गुण मिळविले.

उंच खेळाडूचा बचाव हा एकट्याचा बचाव नसतो, हे यातून दिसते. जोन्स होता म्हणून रसेलला आपल्या जागी राहता आले, आणि मागे रसेल होता म्हणून जोन्सला गोलाच्या अंगाशी भिडून खेळता आले. कबड्डीत साखळी धरणारे दोघे जसे एकमेकांच्या भरवशावर पुढे होतात, तसाच हा प्रकार आहे. तेव्हा मोजमाप करावयाचे, तर ते एकट्याचे न करता मैदानावरील पाचजणांच्या फळीचे केले पाहिजे.

मोजमापाचे एकक

फळीचे मोजमाप कशाने करावे? केवळ गुणांनी करता येणार नाही, कारण एक संघ वेगाने खेळतो तर दुसरा सावकाश. अमेरिकेतील महाविद्यालयीन सामने चाळीस मिनिटांचे असतात, पण त्या वेळात चेंडू किती वेळा हाती येईल हे संघागणिक बदलते. म्हणून एकक धरावयाचे ते चेंडूच्या ताब्याचे. चेंडू आपल्या हाती आल्यापासून तो प्रतिपक्षाकडे जाईपर्यंतच्या काळाला एक ताबा म्हणावे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ, जे १९६१ ते १९९७ या काळात त्या पदावर होते, दर ताब्यामागे किती गुण मिळाले याचा हिशेब ठेवीत असत.

प्रत्येक ताबा डोळ्यांनी मोजणे जमले नाही, तरी पत्रकावरून त्याचा अंदाज काढता येतो. बास्केटवर केलेल्या फेकींतून, आपल्याच चुकलेल्या फेकीनंतर आपणच परत मिळविलेले चेंडू, म्हणजे चढाईतील रिबाउंड, वजा करावे. त्यात हातून गमावलेले चेंडू मिळवावे आणि फ्री थ्रोंच्या संख्येला ०.४७५ ने गुणून येणारी रक्कम मिळवावी. उदाहरणार्थ, ६० फेकी, १० रिबाउंड, १३ गमावलेले चेंडू आणि २० फ्री थ्रो असतील, तर ताबे होतात सुमारे ७२. एकूण गुणांना या संख्येने भागून शंभराने गुणले की दर शंभर ताब्यांमागील गुण निघतात. चढाईसाठी आपले गुण घ्यावे, बचावासाठी प्रतिपक्षाचे. हिशेब इतकाच आहे आणि तो सातवीतल्या मुलालाही करता येईल.

फळीचा हिशेब

आता कल्पनेने एक सामना डोळ्यांपुढे आणू. समजा, आपल्या संघात एक उंच मुलगा आहे आणि त्याने सामन्यात अवघे ४ गुण मिळविले. तो मैदानावर असताना दोन्ही संघांना प्रत्येकी ४० ताबे मिळाले. आपले गुण झाले ४४, प्रतिपक्षाचे ३६. तो बाकावर असताना प्रत्येकी ३० ताबे मिळाले. आपले गुण ३६, प्रतिपक्षाचे ३९.

शंभराच्या हिशेबाने पाहू. तो असताना आपण ११० गुण मिळविले आणि ९० दिले. तो नसताना आपण १२० मिळविले आणि १३० दिले. त्याच्यावाचून आपली चढाई अधिक जोमदार होती यात शंका नाही. गुणपत्रक पाहणारा प्रशिक्षक तेवढ्यावरूनच त्याला वगळील. परंतु बचावातील फरक चढाईतील फरकाच्या चौपट आहे. तो असताना संघ शंभरामागे २० गुणांनी पुढे होता, नसताना १० गुणांनी मागे. चार गुण मिळविणारा हा मुलगा त्या दिवशी संघाचा कणा होता.

ही केवळ कल्पना नव्हे. २०१२ साली न्यू ऑर्लीन्स येथे केंटकी आणि कॅन्सस या विद्यापीठांत अंतिम सामना झाला. केंटकीचा उंच खेळाडू अँथनी डेव्हिस याने दहा फेकींपैकी एकच साधली आणि त्याचे एकूण गुण झाले अवघे ६. पण त्याने १६ रिबाउंड मिळविले आणि प्रतिपक्षाच्या ६ फेकी अडविल्या. केंटकीने सामना ६७-५९ असा जिंकला, आणि अंतिम फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड झाली ती डेव्हिसचीच.

येथे सावधगिरीचा एक शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. आकडा थोड्या ताब्यांवरून काढला असेल तर तो फसवितो. वीस ताब्यांत प्रतिपक्षाची तीन गुणांची एक फेक पडली की चुकली, एवढ्यावर शंभरामागे १५ गुणांचा फरक पडतो. शिवाय दहा खेळाडूंतून पाचजणांच्या २५२ निरनिराळ्या फळ्या होऊ शकतात. हंगामभर खेळूनही त्यांपैकी बहुतेकींच्या वाट्याला मोजके ताबे येतात. म्हणून प्रत्येक फळीचा निवाडा करण्यापेक्षा ‘उंच खेळाडू असताना’ आणि ‘नसताना’ अशा दोनच राशी कराव्या. त्या अनेक सामन्यांच्या बेरजेने पाहाव्या, आणि समोरचा संघ दुबळा होता की बलवान हेही लिहून ठेवावे. एका सामन्याच्या आकड्यावरून कोणाही मुलाला डोक्यावर घेऊ नये आणि बाकावरही बसवू नये.

बचावाचे चार मार्ग

आता उंच खेळाडूच्या प्रत्यक्ष कामाकडे वळू. आजच्या खेळात त्याची कसोटी लागते ती ‘स्क्रीन’च्या वेळी. चढाई करणारा एक खेळाडू चेंडूवाल्याच्या राखणदाराच्या वाटेत स्थिर उभा राहून आडोसा करतो, आणि चेंडूवाला त्या आडोशाला घसटून पुढे निघतो. आडोसा करणारा बहुधा त्यांचा उंच खेळाडू असतो. त्याची राखण करणारा आपलाही उंच खेळाडू, आणि निर्णय घ्यावयाचा असतो त्याला, तोही क्षणार्धात. त्याच्यापुढे चार मार्ग असतात.

पहिला मार्ग मागे थांबण्याचा. उंच खेळाडू बास्केटच्या बाजूला राहतो आणि आपला गार्ड आडोशाला वळसा घालून चेंडूवाल्याच्या पाठीशी लागतो. यात बास्केटजवळची फेक आणि दूरची फेक या दोहोंना अटकाव होतो, आणि मधल्या अंतरावरची फेक प्रतिपक्षाला मिळते. ती द्यावी का? समजा, बास्केटजवळून शंभरांत ६० फेकी साधतात, मधून ४० आणि तीन गुणांच्या रेषेमागून ३५. तर दर फेकीमागे अनुक्रमे १.२, ०.८ आणि १.०५ गुण पडतात. तीनांत स्वस्त फेक मधलीच. मात्र मधून अचूक फेकणारा खेळाडू समोर असेल, तर हा हिशेब उलटतो.

दुसरा मार्ग पुढे झेपावण्याचा. उंच खेळाडू क्षणभर पुढे येऊन चेंडूवाल्याची वाट अडवितो आणि लगेच आपल्या जागी परततो. यासाठी पाय चपळ हवेत, आणि तो परतेपर्यंत मागील तिघांनी बास्केट सांभाळली पाहिजे.

तिसरा मार्ग अदलाबदलीचा. दोघे राखणदार आपापली माणसे बदलून घेतात. यात गोंधळ कमी होतो, पण उंच खेळाडू दूर मैदानात चपळ गार्डपुढे आणि आपला ठेंगणा गार्ड बास्केटखाली त्यांच्या उंच खेळाडूपुढे अडकतो.

चौथा मार्ग दोघांनी मिळून चेंडूवाल्याला घेरण्याचा. त्याने चेंडू गमावला तर लाभ मोठा, पण त्याने पास साधला तर उरलेल्या चौघांना आपले तिघेच सामोरे जातात.

यांपैकी कोणताही मार्ग सर्वकाळ उत्तम नाही. आपल्या उंच खेळाडूच्या पायांची चपळता, प्रतिपक्षाची फेक आणि मागील तिघांची समज या तीन गोष्टी पाहून निवड करावयाची असते.

एकाच खेळाडूविरुद्ध दोन उपाय

आता उलट बाजूने पाहू. उंच खेळाडू प्रतिपक्षाचा असेल तर काय करावे? पर्ड्यू विद्यापीठाचा ७ फूट ४ इंच उंचीचा झॅक ईडी याच्याविरुद्ध लागोपाठ दोन वर्षांत दोन संघांनी परस्परविरोधी उपाय योजले आणि दोन्ही सफल झाले.

मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत पर्ड्यूची गाठ फेअरली डिकिन्सन विद्यापीठाशी पडली. स्पर्धेतील मानांकनात पर्ड्यू पहिला, तर हा संघ तळाचा, सोळावा, आणि उंचीने देशातील सर्वांत ठेंगण्या संघांपैकी एक. त्यांनी ईडीच्या पुढे एक आणि मागे एक असे खेळाडू ठेवून त्याच्याकडे येणारा चेंडूच अडविला, आणि दूरच्या फेकी पर्ड्यूच्या इतरांना मोकळ्या सोडल्या. ईडीने २१ गुण आणि १५ रिबाउंड मिळविले, परंतु पर्ड्यूला तीन गुणांच्या २६ फेकींपैकी ५ च साधल्या. फेअरली डिकिन्सनने ६३-५८ असा विजय मिळविला.

पुढच्या हंगामात पर्ड्यूची दूरची फेक कमालीची सुधारली. शंभरांत सुमारे ४० फेकी पडू लागल्या आणि संघ २०२४ च्या अंतिम सामन्यात पोचला. तेथे समोर कनेटिकट विद्यापीठाचा संघ होता. त्यांच्याकडे ७ फूट २ इंच उंचीचा डोनोव्हन क्लिंगन होता. याच स्पर्धेत इलिनॉयविरुद्ध क्लिंगनने आड येऊन विरोध केलेल्या १९ फेकींपैकी एकही पडली नव्हती, आणि त्या सामन्यात कनेटिकटने ओळीने ३० गुण मिळविले होते, प्रतिपक्षाला एकही न देता.

प्रशिक्षक डॅन हर्ली यांच्या कनेटिकटने ईडीला बहुतांशी क्लिंगनच्या आणि त्याच्या बदली खेळाडूच्या हवाली केले. इतर चौघांनी आपापली माणसे सोडली नाहीत. ईडीने २५ पैकी १५ फेकी साधून ३७ गुण केले. पत्रक पाहणारा म्हणेल, बचाव कोसळला. पण पर्ड्यूला तीन गुणांच्या फेकी करावयास मिळाल्या अवघ्या ७, आणि पडली एकच. ईडी वगळता सर्वांचे मिळून गुण झाले २३. सामना कनेटिकटने ७५-६० असा जिंकला.

पहिल्या संघाने उंच खेळाडूला कोंडले आणि इतरांना सोडले, दुसऱ्याने त्याला सोडले आणि इतरांना कोंडले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारला गेला होता: पाचजणांचा मिळून दर ताब्यामागील लाभ कोणत्या वाटेने कमी होईल? एकाने किती गुण केले, हा प्रश्नच त्यांनी दुय्यम मानला.

आपल्या मैदानासाठी

मित्रहो, आपल्या शाळांत सात फुटांची मुले नाहीत, सुसज्ज मैदानेही सर्वत्र नाहीत. परंतु इतर मुलांपेक्षा वीतभर उंच असा एखादा विद्यार्थी प्रत्येक शाळेत असतो. त्याच्याविषयी चार सूचना करून मी आपले व्याख्यान आटोपते घेतो.

पहिली सूचना पायांविषयी. उंच मुलाला बास्केटखाली उभे करून हात वर करावयास सांगणे म्हणजे शिक्षण नव्हे. बाजूला सरकणे, मागे धावणे, वळणे यांचा सराव त्यालाच अधिक हवा, कारण तो भराभर वाढत असतो आणि त्याच्या शरीराचा तोल अद्याप बसावयाचा असतो.

दुसरी हातांविषयी. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर जातो, आणि उंच खेळाडू बाहेर गेला की संपूर्ण बचावाची घडी विस्कटते. म्हणून प्रत्येक चेंडू उडविण्याचा मोह सोडून, हात सरळ वर ठेवून आपल्या जागी सरळ उडी मारण्याची सवय त्याला लावावी. आपल्या जागेवर सरळ उडी घेणाऱ्यावर प्रतिपक्षाचा खेळाडू येऊन आदळला, तर दोष बचाव करणाऱ्याचा नसतो.

तिसरी सूचना वाणीविषयी. बास्केटपाशी उभ्या असलेल्या खेळाडूला सारे मैदान दिसते, पुढच्या चौघांना पाठीमागचे दिसत नाही. आडोसा डावीकडून येतो की उजवीकडून, हे त्याने मोठ्याने सांगितले पाहिजे. उंच मुले पुष्कळदा संकोची असतात. त्यांना बोलते करणे हे शिक्षकाचेच काम.

चौथी सूचना नोंदीविषयी. बाकावर बसलेल्या एका विद्यार्थ्याच्या हाती वही द्यावी. उंच खेळाडू असताना आणि नसताना, असे दोन भाग आखून प्रत्येकात आपले ताबे, आपले गुण, त्यांचे ताबे आणि त्यांचे गुण एवढेच टिपावयास सांगावे. पाच-सहा सामन्यांनंतर ती वही उघडावी. यासाठी वेगळा खर्च नाही. नोंद ठेवणाऱ्या मुलालाही खेळ वाचावयास येऊ लागेल, हा वेगळा लाभ.

ज्याच्या कामाची नोंद होत नाही, त्याच्यावर अन्याय होण्याचा संभव अधिक असतो. मैदानावर तो दूर करणे आपल्या हाती आहे. ती वही आपण प्रत्येकाने आपल्या शाळेत सुरू करावी, एवढी विनंती आहे.